'नाही म्हणायला शिका' हे एकट्या पोराला सांगून भागत नाही

१ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन, आला की सांगली-साताऱ्यातल्या झाडून सगळ्या कॉलेजात एकच कार्यक्रम असतो. सकाळी रॅली, लाल रिबिनी, पोस्टर नाहीतर रांगोळी स्पर्धा, मग सिव्हिलमधून किंवा कुठल्यातरी संस्थेतून आलेल्या पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी शपथ. रेड रिबन क्लबचा, म्हणजे कॉलेजातल्या एड्स जागृतीच्या गटाचा, रिपोर्ट तयार होतो, फोटो वर जातात, झालं. हल्ली त्यात जीवन कौशल्यं पण आलीत. जागतिक आरोग्य संघटनेनं नव्वदच्या दशकात दहा कौशल्यांची यादी केली होती, म्हणजे स्वतःची जाणीव, समानुभूती, निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, संवाद, नातेसंबंध, भावना सांभाळणं आणि ताण सांभाळणं. आपल्याकडं डीएड केलेल्यांना ही यादी पाठ असते, अभ्यासक्रमातले दहा गाभाघटक पाठ असतात तशीच. आणि एचआयव्हीचा विषय निघाला की त्या दहांचं सार काढून पोरांना एवढंच सांगितलं जातं, की बाबांनो नाही म्हणायला शिका. मित्र म्हणाले चल, तर नाही म्हणा. कोण जवळ आलं तर नाही म्हणा.

यादीबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या पोरापोरींना एचआयव्हीचा खरा धोका आहे ती बहुतेक त्या हॉलमध्ये नसतातच, आणि असती तरी त्यांच्या उपयोगाचं त्यात फार काही नसतं, कारण सगळं शिकवणं असं धरून चाललेलं असतं की नकार ही एकट्यानं, मन घट्ट करून द्यायची गोष्ट आहे. तसं नसतंय. नकार द्यायला पाठीमागं माणसं लागतात, खिशात थोडे पैसे लागतात आणि नकार दिल्यावर रात्री झोपायला जागा लागते. हे पुस्तकातलं नाही, आपल्या सांगलीतच घडून गेलेलं आहे, त्याच्याकडं पुढं येतोच.

आधी ही पोरं कोण ते बघू. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातला गलाईचा धंदा सगळ्यांना माहीत आहे, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. पाऊस नाही, रान कोरडवाहू, म्हणून जुनी माणसं बाहेर पडली आणि आज देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात सराफ पेठेच्या मागच्या गल्लीत गेलात तर आपल्याकडचं कोणतरी भेटणारच. या धंद्यानं दुष्काळी गावात माड्या उभ्या केल्या, पोरं इंजिनिअर केली, हे पहिल्यांदा सांगतो, नाहीतर लगेच म्हणाल गलाईवाल्यांना बदनाम करतोय. पण पोरगं जातं कसं ते बघा. दहावीला गणित-इंग्रजी राहिलं की मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात धाडायचं. वय पंधरा-सोळा. तिथली भाषा येत नाही, राहायचं दुकानाच्या वरच नाहीतर मागच्या खोलीत पाच-सात गडी मिळून, पगाराचा हिशेब परस्पर बापाबरोबर, पोराच्या हातात वरखर्चाला काय देतील ते. गावाकडं यायचं ते जत्रेला नाहीतर भावकीतल्या लग्नाला. आता त्या खोलीतली मोठी पोरं एखाद्या रात्री तयार होऊन निघाली आणि म्हणाली चल रे, तर या पोरानं दहातलं कुठलं कौशल्य वापरायचं? सकाळी त्यांच्याच शेजारी बसून काम करायचंय, त्यातला एखादा मालकाचा भाचा आहे, परतीच्या तिकिटाचे पैसे ह्याच्याकडं नाहीत, आणि घरी फोन करून सांगावं तर काय म्हणून सांगावं. तो जातो. गेल्यावर कंडोम वापरायचा की नाही हे पण तो ठरवत नाही, सोबतचे काय करतात ते बघून करतो.

साताऱ्याकडं जावळी, पाटण, कोरेगाव, माण-खटाव इकडं हीच कथा मुंबईची, माथाडीची, पूर्वी गिरणीची. गाववाल्यांची खोली, एकाच जागेवर पाळीपाळीनं झोपणारी माणसं. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं या तालुक्यांत तरणीताठी माणसं किती गेली हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांच्या घरातले आजही 'टीबी होता' असंच सांगतात. सांगली आणि सातारा दोन्ही जिल्हे पुढं नॅकोच्या, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या, जास्त प्रादुर्भावाच्या 'अ' गटात होते. आता आकडे खाली आलेत हे खरं आहे, देशात साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, त्यात सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले, पण नवीन लागण बरीच कमी झालीय, २००४ पासून सरकारी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रावर, औषध फुकट आहे आणि २०१७ पासून तर टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच गोळ्या सुरू करायचं धोरण आहे. नेमकं त्यामुळंच विषय थंड पडलाय. भीती गेली, हे चांगलंच झालं, पण तिच्यासोबत माहिती पण गेली. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, एचआयव्हीबद्दल पूर्ण आणि बरोबर माहिती असलेल्या बायका देशात साधारण २२ टक्के आणि पुरुष ३१ टक्के निघाले. चाळीस वर्षं होत आली भारतात पहिली केस सापडून, १९८६ ला चेन्नईत, आणि अजून दहातल्या सात पुरुषांना नीट माहिती नाही.

माहिती द्यायची म्हटली की आपल्याकडं काय होतं ते २००७ ला बघितलंच आपण. शाळेतला पौगंडावस्थेच्या शिक्षणाचा कार्यक्रम आला, त्यातल्या चित्रांवरनं विधिमंडळात गोंधळ झाला आणि महाराष्ट्रानं तो बंद केला. एकटा महाराष्ट्र नाही, बरीच राज्यं होती. २००९ ला व्यंकय्या नायडू अध्यक्ष असलेल्या राज्यसभेच्या याचिका समितीनं पण सांगितलं, शाळेत लैंगिक शिक्षण नको. कारण तेच, संस्कृती बिघडेल, पोरांना नको ते सुचेल. ज्यांना हे पटतं त्यांना एकच विचारायचंय, पोराच्या हातात मोबाईल तुम्हीच दिलाय ना, त्याच्यात काय दिसतं ते बघितलंय का कधी? नको ते सुचायचं कधीच सुचून झालंय, सुचलेल्याचं काय करायचं एवढंच सांगायचं राहिलंय.

केनियात याच्यावर एक चांगला प्रयोग झाला होता, साधारण २००४ ला. तिथं सरकारी अभ्यासक्रम होता 'लग्नापर्यंत थांबा' असं सांगणारा, त्यासाठी शिक्षकांना ट्रेनिंग दिलं तरी शाळकरी पोरींच्या गरोदरपणात काही फरक पडला नाही. दुसऱ्या बाजूला काही शाळांत आठवीच्या वर्गात जेमतेम चाळीस मिनिटांचं एक सत्र घेतलं, त्यात उपदेश नव्हता, फक्त एवढंच सांगितलं की कुठल्या वयाच्या पुरुषांत एचआयव्हीचं प्रमाण किती आहे, म्हणजे पैसेवाल्या मोठ्या माणसाबरोबर जाण्यात धोका बरोबरीच्या पोरापेक्षा किती जास्त. त्या शाळांत किशोरवयीन गरोदरपण २८ टक्क्यांनी कमी झालं. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे पोरींना अक्कल नाही असं त्यांनी धरलं नाही. आपल्या कार्यक्रमात नेमकं उलट असतं, माहिती चिमूटभर आणि संस्कार पोतंभर.

पण माहिती दिली तरी नकाराचा प्रश्न राहतोच, आणि तिथं मला गोकुळनगरकडं वळायचंय. सांगलीतली गोकुळनगरची वस्ती म्हटलं की लोक आवाज खाली करतात. तिथं १९९२ पासून संग्राम संस्थेनं, मीना शेषू यांनी, एचआयव्हीचं काम सुरू केलं, आणि १९९६ ला तिथल्या बायकांचीच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, जिला सगळे वॅम्प म्हणतात. आता विचार करा, कंडोमचं महत्त्व त्या बायकांना भाषण देऊन पटवायची गरज होती का? मरणारी त्यांच्या शेजारच्या खोलीतली होती. अडचण वेगळीच होती. एकीनं गिऱ्हाइकाला सांगितलं, कंडोम नसेल तर नाही, की तो उठून शेजारच्या दारात जाणार. हिचा दिवस बुडाला, घरमालकिणीचं भाडं तसंच राहिलं, आणि शेजारणीला लागण झाली ती झालीच. म्हणजे एकटीचा नकार हा तिच्याच पोटावर पाय. सगळ्या गल्लीनं मिळून ठरवलं की कुणीच घेणार नाही, तेव्हाच त्या नकाराला किंमत आली. कंडोम वाटायला बाहेरचे ताई-दादा नव्हते, त्यातल्याच बायका वाटत होत्या, पोलिसांनी त्रास दिला तर त्याच जमून चौकीत जात होत्या. पुढं अमेरिकेनं २००३ च्या कायद्यात एचआयव्हीच्या पैशांसाठी वेश्याव्यवसायाच्या विरोधात प्रतिज्ञा करायची अट घातली, तेव्हा संग्रामनं तो पैसा नको म्हणून सांगितलं. बरोबरच केलं. जिला तुम्ही मुळात गुन्हेगार धरलंय ती तुमच्याकडनं कसलं कौशल्य शिकणार.

वेश्यांचं उदाहरण आमच्या पोरांना कशाला लावताय, असं कुणाच्यातरी मनात आलंच असेल. लावतोय, कारण या जिल्ह्यात एचआयव्हीबद्दल सगळ्यात पक्कं शिक्षण ज्यांनी घेतलं आणि दिलं त्या त्याच आहेत, आणि त्यांची पद्धत पोरांना जशीच्या तशी लागू पडते. गलाईच्या खोलीतल्या सात पोरांपैकी एकाला नकार शिकवून उपयोग नाही. सातजणांचं मिळून एक ठरलेलं पाहिजे की नवीन पोराला ओढायचं नाही, जो जाईल तो कंडोमशिवाय जायचा नाही, आणि कुणाला भीती वाटली तर टेस्टला सोबत एकानं जायचं. पोरं वेगवेगळ्या गावातनं जमलेली नसतात, एका गावची, बऱ्याचदा एका भावकीची असतात, म्हणजे गट आयता तयार आहे. मंडळ म्हणून गणपती बसवायला, जत्रेला पावती फाडायला जो गट एकदिलानं चालतो तो याच्यासाठी का चालू नये?

पैशाचं पण बोलायला पाहिजे, कारण कौशल्य शिकवणारे लोक पैशाचा विषय टाळतात. मलावी देशात झोम्बा जिल्ह्यात २००८ च्या सुमाराला पोरींना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा थोडे पैसे दिले, दीड वर्षानं तपासलं तर शाळेत जाणाऱ्या पोरींमध्ये ज्यांना पैसे मिळाले त्यांच्यात एचआयव्ही १.२ टक्के आणि ज्यांना नाही मिळाले त्यांच्यात ३ टक्के. पोरी मोठ्या वयाच्या पुरुषांवर कमी अवलंबून राहिल्या. लगेच उड्या मारू नका, नंतर दक्षिण आफ्रिकेत शाळेत हजर राहायच्या अटीवर पैसे दिले तिथं एचआयव्हीवर परिणाम दिसला नाही, कारण पोरी तशाही शाळेत जातच होत्या. म्हणजे पैसा कुणाला, कुठल्या अडचणीत मिळतो याच्यावर आहे. आपल्याकडं बालसंगोपन योजना आहे, अनाथ, एक पालक गेलेल्या आणि एचआयव्हीबाधित आईबापांच्या मुलांना दरमहा २,२५० रुपये. चांगली योजना आहे, पण कागद गोळा करता करता विधवा आई थकते, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, आणि मृत्यूचं कारण सांगायची लाज वेगळीच. अर्ज कसा करायचा, कुणाला विचारायचं, बाल कल्याण समिती कुठं बसते, हे पंधरा वर्षांच्या पोराला शिकवणं मला समानुभूतीच्या तासापेक्षा जास्त मोलाचं जीवन कौशल्य वाटतं. तसंच बँक खातं. गलाईतल्या पोराच्या पगारातला थोडा तरी हिस्सा त्याच्या स्वतःच्या खात्यावर पडायला पाहिजे, म्हणजे निघून यायची वेळ आली तर तिकीट तरी काढता येईल.

ऊसतोडीचं तर बोलूच नका. हंगाम सुरू झाला की बीडकडनं आणि आपल्या जतकडनं टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळं पोरीचं लग्न लवकर उरकायला हे एक कारण आयतंच झालंय. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के बायकांची लग्नं १८ च्या आत झालेली, हे पण एनएफएचएस-५ मधलंच. सोळा वर्षांच्या सुनेला कोपीत जाऊन 'निर्णयक्षमता' शिकवणार काय आपण? तिला हे माहीत पाहिजे की जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचलं तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू होऊ शकतात, २८ दिवस घ्यायच्या असतात, आणि त्या टोळीत एखादी बाई अशी पाहिजे जी रात्री तिच्यासोबत जाईल. कारखाना ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठी साखरशाळा चालवू शकतो तर प्रत्येक टोळीतल्या एका बाईला एवढं शिकवू शकत नाही असं कुणी सांगू नये.

आणखी एक गट आहे ज्याच्याकडं कुणाचंच लक्ष नाही. जन्मतःच एचआयव्ही घेऊन आलेली आणि औषधांमुळं जगलेली, आता अठरा-वीस वर्षांची झालेली पोरं. लहानपणी यांना 'शक्तीच्या गोळ्या' म्हणून औषध दिलं, कधीतरी कळलं, कुणी सांगितलं नाही, स्वतःच एआरटीच्या पुस्तकावरनं वाचून कळलं. हॉस्टेलवर गोळी लपवून घ्यायची, रूममेटनं विचारलं तर ॲसिडिटीची म्हणायचं. यांच्यासाठी 'एचआयव्हीपासून वाचा' हे भाषण म्हणजे तोंडावर मारल्यासारखं आहे. त्यांना शिकवायचं ते असं, की गोळी रोज घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका खाली राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, लग्न करता येतं, निगेटिव्ह मूल होऊ शकतं. की २०१७ चा एचआयव्ही कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याच्यानुसार नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही आणि संमतीशिवाय कुणी तुमचं स्टेटस सांगू शकत नाही. त्याच कायद्यात अजून एक तरतूद आहे जी फार कमी लोकांना ठाऊक असते, एचआयव्हीमुळं आईबापांना मुलांकडं बघता येत नाही अशा घरात, घर चालवणारं १२ ते १८ वयाचं समजदार भावंड लहान भावंडाचं पालक म्हणून सही करू शकतं, शाळेत, बँकेत, दवाखान्यात. कायदा बारा वर्षांच्या पोरीला एवढी मोठी समजतो आणि आपण तिला लाल रिबीन लावून रॅलीत उभी करतो.

कायद्याचाच एक अडथळा पण आहे. १८ च्या आतल्या पोराला एचआयव्ही टेस्टसाठी पालकाची संमती लागते. गलाईच्या खोलीतल्या सतरा वर्षांच्या पोराचा बाप आठशे किलोमीटरवर, तो कुठल्या तोंडानं बापाला फोन करून संमती मागणार? मग तो अठरा होईपर्यंत थांबतो, किंवा खाजगी लॅबमध्ये खोटं वय सांगतो आणि समुपदेशन काही मिळत नाही. वर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आहे, अठराच्या आतला कसलाही संबंध गुन्हा आणि कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक, त्यामुळं शिक्षक, समुपदेशक सगळे ऐकायलाच घाबरतात. मी पोक्सो ढिला करा म्हणत नाही, मोठ्या माणसांनी लहानांवर केलेल्या अत्याचाराला तो पाहिजेच. पण सोळा-सतराच्या पोराला एकट्याला टेस्ट आणि सल्ला घेता आला पाहिजे, याच्यावर डॉक्टर लोकांनी तरी उघड बोलावं. तोपर्यंत १०९७ हा फुकटचा हेल्पलाइन नंबर तरी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावा, तिथं नाव सांगावं लागत नाही.

आता शिकवणार कोण. माझं मत विचाराल तर शिक्षक नकोच, त्यांच्यावर आधीच खिचडीपासून मतदार यादीपर्यंत सगळं आहे, आणि वर्गात बसलेल्या आपल्याच शेजाऱ्याच्या पोराशी ते मोकळं बोलू शकत नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. गलाईतनं पंचवीस वर्षं काढून गावात परत आलेली माणसं शिकवू शकतील. त्यांना खोली माहीत आहे, शहर माहीत आहे, कोण कुठं नेतो ते माहीत आहे, आणि त्यांनी सोबतची माणसं जाताना बघितलीत. त्यांना आधी विट्याच्या नाहीतर आटपाडीच्या रुग्णालयातल्या समुपदेशकाकडनं नीट तयार करून घ्यायचं, कंडोम कसा वापरायचा, टेस्ट किती दिवसांनी बरोबर दाखवते, हे सगळं. लाजतील सुरुवातीला. पण ती माणसं बोलली तर पोरगं मान खाली घालून मोबाईल बघत बसणार नाही.

आणि मालकांना बसवायला पाहिजे, पोरांच्या आधी. मालक म्हणजे बहुतेक मामा, चुलता, गावचाच माणूस, देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखात देणगी देणारा. त्यांच्याकडनं तीनच गोष्टी मागायच्या, पोराचा थोडा पगार पोराच्या खात्यावर, खोलीत कंडोमचं पाकीट न विचारता मिळेल असं ठेवलेलं, आणि पोरगं परत यायचं म्हणालं तर कारण न विचारता तिकीट. संस्कृतीला यातलं काय बुडवतंय ते त्यांनी सांगावं. ही बैठक ग्रामपंचायतीत ठराव करून १ डिसेंबरला लावू नका, तेव्हा गावात कुणीच नसतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लावा, कुस्त्यांच्या आधी, कारण मैदान संपलं की निम्मे मालक रात्रीच्या गाडीनं परत निघतात.